कयाक, कनू आणि एक उलांडी: माझ्या होड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात राहायचं आणि दहा होड्या सांभाळायच्या, हे ऐकलं की माणसं थांबतात आणि विचारू लागतात. गेली काही वर्षं बहुतेक तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. सुरुवातीला साधे आहेत, पुढे पुढे अवघड. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. तुमच्याकडे एकूण किती होड्या आहेत? कोणकोणत्या?

नऊ माझ्या आणि दहावीत वाटा. आल्या त्या क्रमाने सांगतो. लाल रंगाची छोटी सिट-ऑन-टॉप, म्हणजे जिच्या आत न शिरता वर बसायचं ती. मग तशीच दोघांची. मग नदीच्या खळाळासाठी आखूड, फुगीर क्रीक बोट. चौथी जुनी फायबरची स्लॅलम कयाक, म्हणजे खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांमधून वळणं घेत जायच्या शर्यतीची. पाचवी पाच मीटरहून थोडी लांब सी कयाक, समुद्रासाठीची. सहावी घडीची, लाकडी सांगाडा आणि कापडी कातडं असलेली. सातवी हवा भरायची. आठवी सोळा फुटी उघडी कनू. नववी घरी बांधलेली प्लायवूडची कयाक. दहावी उलांडी होडी, म्हणजे जिच्या बाजूला तोल सांभाळायला ओंडका बांधलेला असतो ती. ती कर्लीच्या खाडीकाठी एका मच्छीमार कुटुंबाकडे असते. तिच्या डागडुजीचा अर्धा खर्च मी देतो, एवढाच माझा वाटा.

२. कयाक आणि कनू यांत फरक काय?

कयाकमध्ये पाय पुढे लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनूमध्ये गुडघे टेकतात किंवा आडव्या फळीवर बसतात आणि वल्ह्याला एकच पातं असतं. वरून झाकलेली ती कयाक आणि उघडी ती कनू, असं सांगितलं जातं, पण त्यावर विसंबू नका. स्पर्धेतली एकाची स्लॅलम कनू वरून पूर्ण झाकलेली असते आणि काठावरून हुबेहूब कयाक दिसते. आतला माणूस गुडघ्यांवर आहे का आणि हातात एक पातं आहे का, ते पाहायचं.

दोन्हींची घराणी वेगळी आहेत. कयाक ही ग्रीनलंड आणि आर्क्टिकच्या शिकाऱ्यांची होडी. तिथे झाडं नाहीत, म्हणून समुद्रात वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवायचं. माप शिकाऱ्याच्या अंगाचंच: लांबी साधारण तीन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांमधलं अंतर), रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी. उत्तर अमेरिकेतल्या जंगली नद्यांवरची कनू भूर्ज जातीच्या बर्च झाडाच्या सालीची. ती साल स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवत आणि शिवण डिंकाने बुजवत. दोन्ही होड्या मुळात शिवलेल्या आहेत, हे लक्षात ठेवा. प्रश्न ७ आणि ८ मध्ये ते पुन्हा येणार आहे.

३. एवढ्या होड्या कशाला? एक चांगली घेऊन भागत नाही का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी पाणी सांगा, मग होडी सांगतो.

होडी लांब केली की ती सरळ आणि वेगात जाते, पण वळायला जड होते. रुंद केली की डगमगत नाही, पण पाणी जास्त ढकलावं लागतं. तळ दोन्ही टोकांना केळ्यासारखा उचलला की ती जागच्या जागी फिरते, मात्र सरळ नेताना सतत सावरावी लागते. या तीन गोष्टी एकमेकींच्या विरोधात ओढतात आणि कोणत्याही एका होडीत तिन्ही पूर्ण मिळत नाहीत. माझी लाल सिट-ऑन-टॉप जवळपास ७८ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यात मी निवांत वल्हवलं तर ताशी चार किलोमीटरच्या आत राहतो. सी कयाक ५५ सेंटिमीटर रुंद. तेवढ्याच दमात ती ताशी साडेपाच जाते. पानशेतच्या जलाशयात अर्धा दिवस काढायचा असेल तर हा फरक खांद्यांना कळतो. पण तीच सी कयाक कुंडलिका नदीच्या खळाळावर नेली, तर पहिल्याच वळणावर दगडाला आडवी लागेल.

स्लॅलम कयाकची गोष्ट आणखी वेगळी. ती चार मीटर लांब आहे, कारण ती बांधली तेव्हा स्पर्धेचा नियमच तेवढ्या किमान लांबीचा होता. २००५ मध्ये तो साडेतीन मीटरवर आला आणि जगभरातल्या चार मीटरच्या होड्या एकदम जुन्या झाल्या. म्हणून मला ती स्वस्तात मिळाली. स्पर्धेत तिला आता जागा नाही, पण तिची पातळ शेपटी पाण्याखाली दाबून वळण घेण्याची जी मजा आहे, ती नव्या प्लास्टिकच्या होड्यांत मला मिळालेली नाही.

४. मला सुरुवात करायची आहे. पहिली कोणती घेऊ?

घेऊ नका. पहिले पाच-सहा वेळा भाड्याच्या किंवा ओळखीच्या होडीत बसा. त्यानंतर तुम्हाला तलाव आवडतो, खाडी आवडते की वाहती नदी, हे तुमचं तुम्हालाच कळेल. बहुतेकांना पुढे सिट-ऑन-टॉपच योग्य ठरते. तिला तळापर्यंत आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप निघून जातं. उलटली तरी माणूस आत अडकण्याचा प्रश्न नाही आणि परत वर चढणं सोपं असतं. सोसायटीत जागा नसेल तर हवा भरायची चालेल, पण दुपारच्या वाऱ्यात ती पानासारखी वाहते (प्रश्न १२).

पैसे आधी लाइफ जॅकेटवर घाला, मग वल्ह्यावर, उरले तर होडीवर. जॅकेट अंगात घालून, पट्टे आवळून, कोणाला तरी खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमचं माप नाही.

५. पोहता येत नाही. तरी कयाकिंग जमेल का?

बंद तलावात, जॅकेट घालून, शिकवणारा सोबत असेल तर बसता येईल. एकट्याने आणि वाहत्या पाण्यात नाही. पोहणाऱ्यांनाही हेच सांगतो: जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नाही. पाण्यात पडल्यावर ते चढवणं जवळपास अशक्य असतं.

६. प्लास्टिक, फायबर, लाकूड, कापड: कशाची होडी चांगली?

पॉलिएथिलीन, म्हणजे होड्यांचं प्लास्टिक, दगडांवर आपटलं तरी सहसा फुटत नाही, फार तर पोचा पडतो. पण त्यावर कोणताही डिंक नीट धरत नाही. चीर गेली तर त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून जोडावं लागतं. फायबर हलकं आणि पाण्यात सरसर जाणारं. दगडावर तडकतं, मात्र रेझिन आणि काचेच्या कापडाने घरी दुरुस्त होतं. माझ्या स्लॅलम कयाकच्या नाकावर अशी चार ठिगळं आहेत, चारही माझ्याच चुकांची.

कनूबद्दल थोडं अधिक, कारण ते ठाऊक नसल्याने माणसं जुनी कनू मातीमोल विकतात. माझी रॉयलेक्सची आहे. मध्ये फेसाळ गाभा, दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिक आणि बाहेर विनाइल, असा तो थरांचा पत्रा होता. खडकावर ती दुमडली तरी लाथ मारून बऱ्यापैकी पूर्ववत व्हायची. २०१४ च्या सुमारास ते बनवणंच बंद झालं. तेव्हा कोणाकडे अशी कनू पडून असेल तर कडेच्या लाकडी पट्ट्यांना दर वर्षी तेल द्या आणि तिला उन्हापासून वाचवा.

७. ती घडीची कयाक खरी आहे का? पिशवीतून होडी?

खरी आहे, आणि तिचा इतिहास मला फार प्रिय आहे. म्युनिकमध्ये वास्तुकला शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉयरिखने मोडून ठेवता येणारी कयाक तयार केली. तिचा हक्क १९०७ मध्ये रोझेनहाइमच्या योहान क्लेपरने विकत घेतला. हा क्लेपर शिंपी होता. कयाकवर कातडं शिवायची आर्क्टिकमधली विद्या अशी एका शिंप्याच्या दुकानात आली आणि रेल्वेच्या डब्यातून नदीवर जाणाऱ्या हजारो माणसांच्या हाती गेली. १९५६ मध्ये हान्स लिंडेमान हा जर्मन डॉक्टर क्लेपरच्या अशाच दोघांच्या होडीत, शीड लावून, कॅनरी बेटांवरून निघाला आणि ७२ दिवसांनी अटलांटिकपलीकडे कॅरिबियनला पोचला. होडीची लांबी सव्वापाच मीटरच्या आसपास.

माझी जर्मनीत राहणाऱ्या मावसभावाने जुन्या बाजारात घेतली आणि दोन फेऱ्यांत थोडी थोडी करून आणली. सांगाडा जोडायला मला पाऊण तास लागतो. कडेच्या हवेच्या नळ्या फुगवल्या की कापड डफासारखं ताणतं. लाटेवर ती किंचित वाकते, आणि तो वाक मांडीखाली कळतो. समुद्राहून आल्यावर तिचा प्रत्येक लाकडी सांधा गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस सावलीत वाळवावा लागतो. ओली घडी केली की आठवड्यात बुरशी. जून ते सप्टेंबर ती मी उघडतच नाही.

८. घरी कयाक बांधता येते का? खर्च, वेळ, सामान?

येते. मी सुतार नाही, तरीही जमलं. मरीन प्लायच्या चार मिलिमीटर पत्र्यांतून लांब फाळके कापायचे, कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे. होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतून सांध्यांत इपॉक्सी भरायचं, तारा काढायच्या आणि आत-बाहेर काचेचं कापड चढवायचं. मला शनिवार-रविवार धरून चार महिने लागले. वजन २१ किलो भरलं.

खर्च वर्षागणिक बदलतो, म्हणून आकडा देत नाही. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का पाहा आणि शिक्क्यावरही थांबू नका. दुकानातून हातभर तुकडा मागून आणा, पातेल्यात चार तास उकळा. थर सुटले तर ते प्लाय घेऊ नका. मी पहिल्या वेळी हे केलं नाही आणि तीन पत्रे वाया गेले. इपॉक्सी दमट हवेत नीट धरत नाही, वर चिकट साय येते, त्यामुळे कोकणात काय आणि पुण्यात काय, हे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावं. हातमोजे आणि मास्क पहिल्या दिवसापासून. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा आली की जात नाही.

बांधून झाल्यावर मी ती उलांडीवाल्या काकांना दाखवायला नेली. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘म्हणजे शिवलीच की!’ कोकण-गोव्याकडे जुन्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवत, खिळा न मारता. तांब्याची तार पाहून त्यांना ओळख पटली. त्या दिवसापासून मी माझ्या होड्या लांबी-रुंदीने मोजत नाही, शिवणीने ओळखतो.

९. एवढ्या होड्या ठेवता कुठे?

तीन घराजवळ पार्किंगच्या भिंतीवर, बाकीच्या मुळशीकडे मित्राच्या शेतातल्या शेडमध्ये. प्लास्टिकची होडी सपाट तळावर महिनोन्‌महिने ठेवू नका, तळ आत बसतो. कुशीवर, रुंद पट्ट्यांवर ठेवा. ऊन हा पाण्याहून मोठा शत्रू आहे: प्लास्टिक ठिसूळ होतं आणि इपॉक्सी पिवळं पडून सुटतं, म्हणून त्यावर वॉर्निश हवंच. कॉकपिट, म्हणजे बसायची पोकळी, जाळीने झाका. एकदा माझ्या क्रीक बोटीत धामण निघाली होती. ती शांतपणे गेली, पण तेव्हापासून बसण्याआधी होडी उलटी करून झटकल्याशिवाय मी पाय घालत नाही.

१०. गाडीवरून नेताना पोलीस अडवतात का?

मला अडवलं ते बहुधा कुतूहलाने. दोन रुंद पट्टे छतावरून, शिवाय नाकाला आणि शेपटीला वेगळा दोर, मागे लाल कापड. तापलेल्या प्लास्टिकवर पट्टे फार आवळले तर खोबण पडते. ताम्हिणी घाट उतरण्याआधी थांबून सगळे दोर पुन्हा तपासा.

११. कुंडलिकेवर बारा महिने पाणी कसं असतं? स्वतःची कयाक नेता येते का?

ते पाणी मुळशीचं आहे. मुळशी धरणातलं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं आणि वीज करून झाल्यावर कुंडलिकेत सुटतं. म्हणून उन्हाळ्यातही कोलाडजवळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा खळाळ मिळतो. याच धरणासाठी जमिनी जाणार होत्या म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. आपण ज्या पाण्यावर खेळतो, त्याच्या बदल्यात वरच्या खोऱ्यातली गावं बुडाली, हे मी प्रत्येक नव्या मुलाला काठावर सांगतो.

पाणी सहसा सकाळी सुटतं, पण वीज कधी बनवायची हे आपल्या हातात नाही. पाणी कमी असताना पात्रात उतरून बसू नका, ते अचानक वाढतं. स्वतःची कयाक नेता येते, मात्र स्थानिक राफ्टिंगवाल्यांना आधी भेटा. कोणत्या वळणावर झाड पडलंय, हे त्यांना कालचं माहीत असतं. हेल्मेट, थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) आणि किमान तिघं. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, येत नसेल तर आधी स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बांधून कॉकपिट झाकणाऱ्या कापडाची) कडी ओढून बाहेर पडण्याचा सराव तलावात वीस वेळा करा.

१२. समुद्रात कधी जावं, कधी जाऊ नये?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि कोळी होडी ओढून ठेवतो तेव्हा आपण समुद्राकडे फिरकायचं नाही. नारळी पौर्णिमेनंतरही मी दसऱ्यापर्यंत थांबतो.

भरतीचा जुना हिशेब उपयोगी आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारचे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. नेमकी वेळ कोष्टकातूनच घ्या, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. मुंबईकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास. म्हणून रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीला चिखलात रुतायला होतं, तर साळ नदीत तेवढी चिंता नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटी बाहेर ओढते आणि समोरून वारा आला की लाटा उभ्या राहतात. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस निवडा, ओढ कमी असते.

फसवतं ते सकाळचं पाणी. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं दिसतं. देवबागला मी अशाच एका सकाळी गप्पांच्या नादात बाहेर गेलो. मागे वळलो तेव्हा माडांची रांग बोटभर दिसत होती आणि वारा तोंडावर होता. दहा मिनिटांत गेलेलं अंतर परत यायला तासभर लागला. आता मी निघण्याआधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला पाच मिनिटं वल्हवून पाहतो. दुपारनंतर खारा वारा उठतो, तो किनाऱ्याकडे ढकलतो, पण फेब्रुवारीपासून पुढे इतका जोर धरतो की बाराच्या आत मी वाळूवर असतो.

१३. एकटा असताना उलटलो तर परत कसं चढायचं?

सिट-ऑन-टॉप असेल तर ती सरळ करा, मध्यावर पोटावर आडवे व्हा, वळा, बसा. सी कयाकमध्ये वल्ह्याच्या टोकाला हवेची पिशवी लावून तिचा आधार करतात, मग पाणी उपसतात. हे वाचून येत नाही, काठाशी करून बघावं लागतं. उघड्या कनूत तर टोकांना हवेच्या पिशव्या बांधलेल्या नसतील तर पाणी भरल्यावर तिचं ओझं इतकं होतं की एकट्याने काही करता येत नाही. म्हणून कनू घेऊन मी खाडीच्या मधोमध एकटा जात नाही. वल्हं आणि होडी, दोन्ही सोडायची नाहीत.

१४. मगरींचं काय?

चिपळूणची वाशिष्ठी, महाडजवळची सावित्री, सांगलीकडची कृष्णा, इथे मगरी आहेत. थंडीत सकाळी त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. अंडी घालायचा काळ फेब्रुवारी ते एप्रिलचा आणि मादी तेव्हा जागा राखते. त्या काळात मी या नद्यांवर कयाक नेत नाही आणि कोणाला नेतही नाही. पाण्यावर इतकं खाली बसलेल्या माणसाने मगरीच्या ‘जवळून फोटो’चा विचार करू नये. ही नदी आधी तिची आहे.

१५. नदीवरचा छोटा बंधारा होडीनेच पार केला तर? पाणी तर गुडघाभरच पडतंय.

हे उत्तर सावकाश वाचा. आपल्याकडे मोठ्या खळाळापेक्षा जास्त धोका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आहे. खांबांच्या मधल्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, घातलेले असताना वरून पाण्याची सारखी चादर पडते आणि पायथ्याशी पाणी परत बंधाऱ्याकडे फिरतं. त्या फिरत्या पाण्यात होडी, लाकूड, माणूस, जे सापडेल ते पुन्हा पुन्हा आत ओढलं जातं. नैसर्गिक खळाळाला कुठेतरी बाजूने वाट असते. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा असतो, वाट नसते. पावसाळ्याआधी बरगे काढतात, तेव्हा धोका बदलतो: खांबांमधून पाणी जोरात निघतं, होडी आडवी झाली तर दोन खांबांवर दुमडते आणि फांद्या अडकलेल्या असतील तर माणूस तिथेच चाळणीत धरला जातो.

पाण्यात बसून पाहिल्यावर बंधारा वरून दिसत नाही. नदीच्या रुंदीभर एक सरळ आडवी रेष आणि पलीकडे झाडांचे नुसते शेंडे दिसले, की लगेच काठ गाठा. होडी खांद्यावर घ्या, खाली चालत जा. मी तीस वेळा अशी उचलली आहे आणि पुढेही उचलेन. कोणी पायथ्याशी अडकलंच तर मागोमाग उडी मारू नका, काठावरून दोर फेका.

१६. धरणात वल्हवायला परवानगी लागते का?

जागेनुसार. जलाशय जलसंपदा विभागाच्या किंवा वीज कंपनीच्या ताब्यात असतात, काही अभयारण्याला लागून आहेत. खडकवासल्याच्या एका काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, तो लष्करी भाग आहे, तिकडे जायचं नाही. बाकी ठिकाणी संबंधित कार्यालयात आधी विचारा. आणि एका जलाशयातून दुसऱ्यात नेण्याआधी होडी धुऊन वाळवा. जलपर्णीचा एक तुकडा पुरतो.

१७. एखादी होडी वापरायला द्याल का? उलांडी पाहता येईल का?

लाल सिट-ऑन-टॉप आणि दोघांची देतो, पहिल्या फेरीला मी सोबत असेन या अटीवर. क्रीक बोट आणि सी कयाक फक्त प्रश्न ११ आणि १३ मधला सराव माझ्यासमोर करून दाखवणाऱ्याला. घडीची देत नाही.

उलांडी पाहायला जरूर या, पण ती कामाची होडी आहे. पहाटे जाळ्याला जाते, नऊच्या आसपास येते. तेव्हा किनाऱ्यावर असाल तर ओढायला हात लावा, मग विचारा. बाजूचा उलांडीचा ओंडका कसा बांधलाय ते काका स्वतः दाखवतात. जून-जुलैत गेलात तर ती माडाच्या झापांखाली पालथी असेल, काजूच्या टरफलांच्या तेलाचा ताजा हात दिलेली. त्या तेलाने कातडी भाजते, म्हणून वाळेपर्यंत हात लावू नका.